साखर नाही त्यात

बेकरीवाल्याच्या बायकोला तुपाचा वास कधी खटकला नव्हता. लग्न होऊन ती आली ती त्या वासातच आली. वनस्पती तुपाचा पांढराफटक ठोकळा खोक्यातून काढायचा, सुरीने त्याचे तुकडे पाडायचे, पीठ मळायच्या यंत्रात टाकायचे आणि मग गरम पाण्याने हात चोळचोळून धुवायचे, हे तिचं रोजचं काम. कितीही धुतले तरी नखांच्या कडेला तूप राहायचंच. केसांना तोच वास, पदराला तोच वास. कोळशाच्या वखारीत माणूस काळं होतं, इथे तुपकट होतं, त्यात काय एवढं, असं ती म्हणायची. आता मात्र ठोकळ्याला हात लावायच्या आधी तिला तोंड फिरवून दोन श्वास घ्यावे लागायचे.

तिला मधुमेह निघाला त्याला सात-आठ वर्षं झाली होती. निघाला तेव्हा ती खूप रडली. सगळं आयुष्य केक आणि क्रीम रोलच्या मधे काढायचं आणि त्यातलं काही तोंडात टाकायचं नाही, ही कसली शिक्षा? नवरा रडला नाही, तो कामाला लागला. कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की त्याच्या हातावर काहीतरी खायला ठेवायचं, एवढंच त्या माणसाला कळायचं. त्याने खटपट करून तिच्यासाठी बिनसाखरेचं बिस्किट बनवलं. पहिली खेप म्हणजे पुठ्ठा निघाला, दुसरी म्हणजे भिजलेला पुठ्ठा. साखर काढली की बिस्किटाचा जीवच जातो. ते फुलत नाही, खुसखुशीत होत नाही, तोंडात विरघळत नाही. मग त्याने तूप वाढवलं. मग आणखी वाढवलं. नेहमीच्या दुप्पट तूप पडलं तेव्हा कुठे बिस्किटाने मान वर केली. गोडीसाठी कसलीशी पावडर घातली की झालं. तिने पहिलं बिस्किट खाल्लं आणि तिला भरून आलं. खास आपल्यासाठी नवऱ्याने एक बिस्किट जन्माला घातलं, हे तिने माहेरी फोन करून करून सांगितलं.

बायकोसाठी केलेली वस्तू घरात ठेवण्याइतका तो वेडा नव्हता. आठवड्याभरात बिस्किटं काउंटरवर आली. दुकानात मधुमेहवाली माणसं येतच असत, कुणी नातवंडाचा हात धरून, कुणी नुसतीच काचेआडच्या केककडे बघायला. त्यातलं कुणी बिनसाखरेच्या डब्यापाशी घुटमळलं की मालक आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारायचा, "अगं, जरा बाहेर ये बघू." ती पदराला हात पुसत बाहेर यायची. "ही माझी बायको. हिला साखर आहे. ही रोज खाते. बघा कशी आहे!" आणि गिऱ्हाईक तिला नखशिखांत बघायचं, बाजारात भोपळा घेताना बघतात तसं. मग ती एक बिस्किट उचलून खायची आणि हसायची. डबा विकला जायचा. लोकांनी तिचं नाव शुगरफ्री काकू ठेवलं, आणि खोटं कशाला सांगायचं, तिला ते आवडायचं. रस्त्यातून जाताना अनोळखी माणसं थांबून विचारायची, काकू, अमुक चालतं का हो, तमुक चालतं का? ती डॉक्टरीणबाई असल्यासारखी उत्तरं द्यायची.

उत्तर नेहमी एकच असायचं. साखर नाही ना त्यात? मग चालतं. त्या घरात साखर म्हणजे घरफोड्या चोर होता, आणि बाकी कुणीही दाराने खुशाल आत यावं. बिनसाखरेची बिस्किटं चालत, तळलेले बटाटे चालत, पावावर बोटभर लोणी चालत असे, कारण लोणी कुठे गोड असतं? सकाळी बोटाला सुई टोचून छोट्या यंत्रावर आकडा बघायचा. तो बरा आला की नवरा गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा. दिवसातून पाच-सहा बिस्किटं गिऱ्हाइकांसमोर आणि दोन-चार चहाबरोबर, असं तिचं चाललं होतं.

मग तिच्या कोपरांवर पुटकुळ्या आल्या. मोहरीएवढ्या, पिवळट, टणक. दुखत नव्हत्या, पण हात फिरवला की वाळूत हात घातल्यासारखं वाटायचं. पाठीवर आल्या, मांड्यांवर आल्या. नवरा म्हणाला, "मैद्याच्या असतील. घाम आणि मैदा, दुसरं काय?" आणि त्याने घामोळ्याच्या पावडरचा डबा आणून दिला. पावडरने काही झालं नाही म्हणून ती डॉक्टरणीकडे गेली. डॉक्टरणीने कोपर उजेडात धरून पाहिलं, पुटकुळ्यांबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला सांगितलं.

लॅबमधली मुलगी रक्त काढून आत गेली आणि थोड्या वेळाने कपाळाला आठ्या घालून बाहेर आली.

"काकू, तुम्ही उपाशीच आला होतात ना?"

"हो की. संध्याकाळी जेवले ते जेवले."

"सकाळी दूध, चहा, काहीच नाही?"

"मी काय शाळेतली पोर आहे खोटं बोलायला?"

मुलगी ओशाळली. तिने दुसऱ्या दंडातून रक्त काढलं आणि पुन्हा आत गेली. आतून यंत्र गरगरण्याचा आवाज येत राहिला. मग तिने दार अर्धं उघडून तिला आत बोलावलं आणि एक काचेची नळी उजेडासमोर धरली. "तुम्हाला सांगून पटायचं नाही म्हणून दाखवते. यंत्रात फिरवलं की लाल भाग खाली बसतो. वरचं पाणी स्वच्छ असायला हवं, पिवळसर, आरपार दिसणारं. तुमचं बघा."

नळीत खाली लाल होतं. वर पांढरं होतं. दुधासारखं म्हणावं तर दूधही इतकं दाट नसतं. मुलीने नळी तिरकी केली तसं ते काचेला चिकटून सावकाश ओघळलं.

"यात काय घातलंत तुम्ही?" तिने विचारलं.

"काही नाही घातलं काकू. हे तुमच्यातलंच आहे."

तिला ते पांढरं ओळखीचं होतं. बेकरीच्या मागच्या मोरीचं झाकण दर रविवारी तीच उघडायची. भांडी धुतलेल्या पाण्यावर तुपाचा थर धरलेला असायचा, ती तो उलथन्याने खरवडून काढायची आणि नाक दाबून पिशवीत भरायची. तेच हे. तेच आपल्या हातातून फिरतंय, मानेतून वर जातंय, डोक्यातून फिरून पुन्हा खाली येतंय. तिने आपला हात अंगापासून लांब धरला, जसा घाणीत बुडालेला हात धरतात, पण हात कुठवर लांब धरणार? ती बेसिनपाशी गेली आणि तिला कोरड्या ओकाऱ्या आल्या. पोटात काही नव्हतंच, ती खरोखरच उपाशी होती.

डॉक्टरीण तोंडाची फटकळ होती. कागद बघून ती म्हणाली, "उपाशीपोटीची साखर बरी दिसते, पण तीन महिन्यांची सरासरी काही बरी नाही. आणि रक्तातली चरबी इतकी आहे की यंत्रालाही नीट मोजता आली नाही."

"पण मला तर साखरेचा आजार आहे. चरबीचा कुठून आला?"

"एकाच घरातले आहेत ते. मधुमेह नीट आवरला नाही की यकृत जास्त चरबी बनवतं आणि रक्तातली चरबी साफ व्हायचं काम ढिलं पडतं. म्हणून मधुमेहवाल्याने साखरेइतकीच चरबीही तपासायची असते. तुम्ही कधी तपासलीत?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"खाता काय तुम्ही?"

इथे तिच्या जरा जिवात जीव आला. हा पेपर तिला पाठ होता. "गोडाला हात लावत नाही. सगळं बिनसाखरेचं. आमची बिस्किटं तर खास मधुमेहवाल्यांसाठीच असतात, लांबून लांबून लोक येतात."

"काय असतं त्यात?"

"मैदा."

"मैद्याची पोटात साखरच होते. आणखी काय?"

"आणि तूप," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला.

"किती?"

तिला आकडा सांगता येत होता, पण तो तोंडातून फुटेना. तिने दोन्ही हात समोर धरून ठोकळा केवढा असतो ते दाखवलं. एका खेपेला एवढा. डॉक्टरणीने त्या हातांमधल्या जागेकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"हे असंच चाललं तर स्वादुपिंडाला सूज येईल. माणसं जातात त्यात, चार दिवसांत जातात. त्यातून वाचलात तर हृदयाच्या नळ्या आहेतच. कोपरावर आलेत ना, ते चरबीचे दाणे आहेत, अंगात मावेना म्हणून बाहेर आलेत. गोळ्या लिहून देते, रोज घ्यायच्या. आणि ते बिस्किट बंद. एकसुद्धा नाही."

घरी येईपर्यंत तिने मनाशी सगळं नीट जुळवून ठेवलं होतं. नवरा भट्टीतून ट्रे बाहेर काढत होता.

"साखर किती आली?"

"उपाशीपोटीची बरी आहे. पण तीन महिन्यांची..."

"बरी आहे ना? मग झालं तर."

"अहो, ऐकून तरी घ्या. माझं रक्त दुधासारखं झालंय. नळीत बघितलं मी, वर चरबी तरंगत होती."

"शी! आत्ता जेवायच्या वेळेला काय सांगतेस हे?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जीव जाईल. आपलं बिस्किट बंद. एकसुद्धा खायचं नाही."

तेव्हा कुठे तो थांबला. ट्रे खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या तोंडावर खरोखरच काळजी होती. तिला बरं वाटलं. मग तो म्हणाला, "एकसुद्धा नाही म्हणजे गिऱ्हाइकांसमोरसुद्धा नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तोडगा काढला. तिला काउंटरमागे उभं करून अगदी मायेने शिकवलं. "खायचं, पण गिळायचं नाही. अगं सोपं आहे. अर्धंच तोडायचं. चावायचं, हसायचं, हं म्हणायचं. लगदा झाला की जिभेने गालात सारायचा, डाव्या गालात, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते पाकीट काढायला खाली बघतं ना, तेवढ्यात वळायचं आणि डब्यात. मी खाली डबा ठेवलाय, कागद घालून. वर पाण्याने एक चूळ भरायची. तुझ्या जिवापेक्षा बिस्किट मोठं आहे का? तू गिळूच नकोस."

तो हे प्रेमाने बोलत होता. तीच तर किळसवाणी गोष्ट होती. तो ओरडला असता, हात उगारला असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं. पण त्याने खाली डबा ठेवला होता, त्यात कागद घातला होता, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला होता, आणि तो तिच्याकडे अशा नजरेने बघत होता की बघ, तुझी किती काळजी घेतो.

आणि तिने ते केलं. सांगताना अंगावर काटा येतो, पण केलं. इतकी वर्षं हो म्हणायची सवय लागलेली जीभ, तिला नाही हा शब्द सापडता सापडत नव्हता. हाक आली की ती बाहेर यायची, बिस्किट तोडायची, हसायची. लगदा कोमट व्हायचा, टाळूला तुपाचा थर धरायचा, दातांच्या फटींत बसायचा. गिऱ्हाईक चांगलं बोलकं असलं तर तो गालात धरून उभं राहावं लागायचं. लाळ सुटत राहायची आणि लगदा फुगत राहायचा. मग वळायचं, वाकायचं आणि डब्यात टाकायचं. संध्याकाळी डबा तीच धुवायची. कागद फाटून सगळं तळाशी बसलेलं असायचं, राखाडी, बुळबुळीत, आणि गरम पाणी ओतलं की वर तूप तरंगायचं. बेकरीत मुंग्या कशाकशाला लागतात, पण त्या डब्याकडे एक मुंगी कधी फिरकली नाही. मुंग्या जे तोंडात धरत नव्हत्या ते ती धरत होती. तिला त्या डब्याची किळस होती, बिस्किटाची होती, नवऱ्याच्या त्या मायेची होती, पण सगळ्यात जास्त स्वतःची होती. कारण गिऱ्हाईक डबा घेऊन घरी जाऊन गिळणार होतं.

एका दुपारी ती आत पीठ चाळत होती. नवऱ्याने ताज्या खेपेतलं एक बिस्किट मोडलं, तोंडात टाकलं, पुढच्या आठवड्यात मैदा कुठून आणायचा ते सांगत सांगत चावलं, मान वळवली, बेसिनमध्ये थुंकला आणि मैद्याचं बोलणं जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. हे तिने हजार वेळा बघितलं असेल. पण आज पहिल्यांदा तिच्या हातातली चाळण थांबली.

"तुम्ही गिळत नाही?"

"काय?"

"बिस्किट. तुम्ही थुंकलात."

"हे? छे, मला नाही सोसत. दिवसभर घशाशी येतं. चव बघायची आणि टाकायचं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. तूप किती असतं त्यात, तुला काय माहीत नाही?"

हवापाण्याबद्दल बोलावं तसं तो बोलत होता. तिचे हात मैद्यात तसेच राहिले.

"मग मला कसं दिलंत हो?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. प्रश्नच त्याला कळला नव्हता. "तुला तर साखर होती ना. आणि त्यात साखर नाही."

तो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान खरं ठाऊक असतं. हा नुसता उभा होता, मिशीत बिस्किटाचा चुरा, मनात काही काळंबेरं नाही. आपल्याला जे पोटात जाऊ द्यायचं नाही ते बायकोला रोज भरवायचं आणि वर त्याला प्रेम म्हणायचं, यात काही चुकलंय हे त्याला सात-आठ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. तिच्या मनात आलं, हाच माणूस आपल्या ताटासमोर बसून जेवतो. त्या दिवसापासून तो जेवून उठल्याशिवाय ती पानावर बसेना. त्याला वाटलं, डॉक्टरणीने वेळा बदलून दिल्या असतील.

शनिवारी सकाळी दुकानात गर्दी असायची. त्या शनिवारी एक नवीन बाई आली होती, तिच्या आईला नुकताच मधुमेह निघाला होता. बिनसाखरेच्या डब्यावर बोट ठेवून ती विचारात पडली होती. मालकाने हाक मारली. काकू बाहेर आली, तिने बिस्किट तोडलं आणि तोंडात टाकलं.

तेवढ्यात ड्रायव्हरकाका आत आले. जन्मभर बस चालवून आता घरी बसलेला माणूस, साखर जुनी, छातीत एक स्टेंट. दर आठवड्याला एक डबा त्यांचा ठरलेला असायचा. नवीन बाईचा चेहरा बघून त्यांनी न विचारता साक्ष द्यायला सुरुवात केली.

"बिनधास्त घ्या हो. या काकूंकडे बघूनच मी खायला लागलो. आमच्या डॉक्टरांनी चरबीची एक गोळी लावली होती, स्टेंट बसवल्यापासून. म्हटलं, साखर माझी बरी, गोडाला मी शिवत नाही, खातो ते असं निवडून. मग कशाला ती गोळी? दिली सोडून. महिना झाला, ठणठणीत आहे. बरोबर केलं की नाही काकू?"

काकूच्या डाव्या गालात लगदा होता.

सगळे तिच्याकडे बघत होते. तिला बोलायचं होतं, आणि तोंड भरलेलं होतं. बोलायचं तर आधी गिळावं लागणार होतं, आणि गिळलं की चार जणांच्या डोळ्यांदेखत ती त्या बिस्किटाची साक्ष पुन्हा देणार होती, मग मागाहून काहीही सांगितलं तरी कोण ऐकणार? गप्प राहिली तर काका डबा घेऊन घरी जाणार होते आणि गोळी सुटलेलीच राहणार होती. तिला तो नळीतला पांढरा थर दिसला, तिच्या नव्हे, काकांच्या छातीत, त्या स्टेंटच्या तोंडाशी.

"मग!" मालक हसत म्हणाला. "बोलायची गरजच काय? खातेय बघा."

तिने तळहात हनुवटीखाली धरला आणि लगदा त्यात काढला. वळली नाही, वाकली नाही. तळहात तसाच काचेवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"शी!" नवीन बाई दोन पावलं मागे सरकली.

"मी हे गिळत नाही, काका," ती म्हणाली. दातांना अजून तूप होतं, शब्द बुळबुळीत येत होते. "मला डॉक्टरांनी बंद केलंय. यात नुसतं तूप आहे. साखर काढली आणि तिच्या जागी तूप भरलं. मी खाऊन खाऊन माझं रक्त पांढरं झालं. तुमच्यासमोर नुसती चावते आणि खाली डब्यात थुंकते. डबा इथेच आहे, बघायचाय?"

मालकाचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, काढून ठेवायला जागा न मिळाल्यासारखं.

"हिची तब्येत बरी नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांनी घाबरवून ठेवलंय. तू आत जा बघू."

ड्रायव्हरकाकांनी तिच्या तळहाताकडे बघून तोंड वाकडं केलं. किळस त्यांना तिचीच आली होती, हे स्पष्ट दिसत होतं. "चार माणसांत हे काय, काकू? काही रीत?" मग ते मालकाकडे वळले. "काय हो, खरं आहे का हे?"

"काहीतरीच! साखर नाही त्यात, इतकी वर्षं तुम्ही खाताय ना?"

"मी खातोय. तुम्ही खा की एक."

"मी?"

"तुमचीच वस्तू आहे. खा एक, विषय संपला. मी डबा घेतो आणि जातो."

यात अवघड काहीच नव्हतं. एक बिस्किट. मालकाने डबा उघडला, अख्खं बिस्किट उचललं आणि मोठ्या तोऱ्यात तोंडात घातलं. चावलं. हसला. हं म्हणाला. मान डोलावली. लोक बघत होते. तो चावत राहिला. चावायचं काही उरलं नव्हतं तरी जबडा हलत होता, आणि डावा गाल फुगला होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्या गळ्यावर होत्या, आणि गळा काही हलत नव्हता. त्याने भट्टीकडे बोट दाखवलं, म्हणजे काहीतरी करपतंय, आणि आतल्या दाराकडे निघाला. दारात बायको येऊन उभी राहिली होती.

"भट्टी मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही गिळा."

त्याने गिळायचा प्रयत्न केला. तिला दिसत होतं, त्याने मनापासून केला. डोळे मिटले, मान पुढे काढली, घाटी वर चढली आणि तिथेच अडली. कपाळावर घाम आला. इतक्या वर्षांत त्याच्या घशाला ते बिस्किट आत घेणं माहीतच नव्हतं. एक उबळ आली, दुसरी आली, आणि मग तो न बघता वळला, वाकला, आणि काउंटरखालच्या डब्यात थुंकला. शोधावं लागलं नाही. हात बरोबर तांब्यावर गेला, त्याने चूळ भरली आणि मिशी पुसली. नंतर त्याला आठवलं की दुकानात माणसं आहेत.

नवीन बाई केव्हाच बाहेर पडली होती. मालक काचेवरचे चुरे बोटाने गोळा करत बसला, एकेक, जणू तेच काम राहिलं होतं. ड्रायव्हरकाकांनी आपला डबा परत सरकवला. हात छातीपाशी नेला आणि शर्टाचं बटण चाचपत राहिले. बसमध्ये शेकडो माणसं बसवून घाट उतरलेला तो माणूस आता लहान पोरासारखा काकूच्या तोंडाकडे बघत होता.

"मग काकू, ती गोळी मी परत सुरू करू का?"

"मला नका विचारू," ती म्हणाली. "इतकी वर्षं सगळे मलाच विचारत आले आणि मी सांगत आले. डॉक्टरांकडे जा. घरी जाऊ नका, इथून थेट जा."